दारात न मावणारी खाट

मी एक लोखंडी खाट बोलतेय. लगेच माझ्यावर बसू नका, आधी ऐका. बसलात की मी कुरकुरणार आणि तुम्ही म्हणणार, या म्हातारीला नुसती तक्रार करायला हवी.

तरुणपणी मी देखणी होते. उशाशी लोखंडी वेलबुट्टी, कोपऱ्यांवर पितळेचे गोळे. टेकडीवरच्या एका वकिलांनी मला मुलांच्या खोलीसाठी घेतलं. खोली केवढी! दोन मोठ्या खिडक्या आणि माझ्यावर झोपायला एकच मूल. त्याचा भाऊ दुसऱ्या खाटेवर.

गोवर मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. वकिलांच्या थोरल्याला ताप भरला, डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठलं. तो तसा फणफणत असताना वकिलीणबाईंनी धाकट्यालाही आणून त्याच्याशेजारी झोपवलं. म्हणाल्या, "होऊन जाऊ दे दोघांचं एकदाचं. मागे कटकट नको." आणि झालंही तसंच. दोघं उठले, माझ्यावर उड्या मारू लागले आणि माझा एक पितळी गोळा निखळून कुठे गेला तो गेलाच.

त्यांच्याकडे एक इस्त्रीवाली यायची. कपडे घड्या करून ठेवायला ती खोलीत येई, त्यामुळे हे सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं. पुढे मुलं मोठी झाली, बाईंना नवीन खाटा हव्याशा वाटू लागल्या आणि मी इस्त्रीवालीच्या पदरात पडले. ती इतकी हरखली की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली.

तिची खोली नदीकाठच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर. जिना असा अरुंद की मला वळवता येईना. तिचा नवरा गोदीवर हमाल. त्याने सोबती जमवले आणि दोर बांधून मला बाहेरून, खिडकीतून वर ओढलं. खाली अख्खी गल्ली सल्ले द्यायला हजर.

"डावीकडे घे, डावीकडे!"

"अरे, तुझी डावी की माझी?"

मी मध्येच लोंबकळत होते. मोकळी हवा मी खाल्ली ती तेव्हाच, शेवटची. नंतर घरमालकाने खिडकीला गज ठोकले. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत चढली. माझे सांधे गंजून घट्ट बसले. आता मी सुटी होत नाही, खिडकीतून निघत नाही, दारात मावत नाही.

त्या एका खोलीत चूल, कपड्यांचे ढीग, इस्त्रीचे निखारे आणि चार माणसं. नवरा जमिनीवर झोपे. माझ्यावर इस्त्रीवाली, तिची मुलगी आणि अंगावर पिणारं बाळ. मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

एका वर्षी गोवराची साथ आली. आधी गोदीकडे, मग बाजारामागे, मग आमच्या गल्लीत. भिंगरी एकदम गप्प पडून राहिली तेव्हाच मी घाबरले. नवरा म्हणाला, "अगं, बाळाला दारासमोरच्या रिकाम्या खोलीत ठेवू या का?"

"कशाला? वकिलीणबाईंनी दोघांना एकत्रच झोपवलं होतं. एवढी शिकलेली माणसं, ती काय चुकतील? होऊन जाऊ दे दोघांचं एकदाचं."

आणि तिने बाळाला भिंगरीजवळ ठेवलं. मी जीव तोडून कुरकुरले. तिने माझ्या पायाखाली कागदाची घडी सारली.

भिंगरी बरी झाली. बाळाची मात्र छाती भरली. माझा एक गज मुठीत धरून ते एकेक श्वास ओढत होतं. ती मूठ हळूहळू सैल झाली.

सरकारी डॉक्टर आले ते सगळं संपल्यावर. सारा भाग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होता. जिना चढून दमले होते, माझ्या कडेवर टेकले.

इस्त्रीवालीने एवढंच विचारलं, "टेकडीवरच्या वकिलीणबाईंनीही दोघांना असंच एकत्र झोपवलं होतं. त्यांची मुलं तर उठली ना हो?"

"ती शाळेत जाणारी असणार, बाई. खाऊनपिऊन धडधाकट. टेकडीवर गोवर गाठतो तो तशा पोरांना. इथे एका खोलीत, एका खाटेवर, तो तान्ह्यालाच गाठतो. आजार तोच, शहर तेच."

नवऱ्याने मला बाहेर फेकायला घेतलं. ओढलं, ढकललं, चौकट खरवडून काढली. मी अडकले ती अडकलेच. शेवटी ती दोघंच भिंगरीला घेऊन समोरच्या खोलीत राहायला गेली. इस्त्रीवाली पुन्हा या उंबऱ्याच्या आत आली नाही. घरमालकाचं मात्र फावलं. खाटेसकट खोली म्हणून तो भाडं वाढवून मागू लागला.

भाडेकरू आले, गेले. मग एक शिंपीण आली. एक मुलगा आणि नुकतीच बसायला लागलेली मुलगी. पुन्हा साथ आली, मुलगा तापाने फणफणला. शिंपिणीने धाकटीला उचललं आणि माझ्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "होऊन जाऊ दे एकदाचं."

तेच शब्द! मी सगळं बळ लावून करकरले. मला पाय चार आहेत हो, पण त्यांचा उपयोग काय?

दार उघडंच होतं. इस्त्रीवाली समोरून तरातरा आली आणि उंबरा ओलांडून थेट आत शिरली.

"धाकटीला माझ्याकडे दे. ताप उतरेपर्यंत ती माझ्याकडे राहील."

"अहो मावशी, पण एकदाचं होऊन गेलं की..."

"माझ्या बाळाचं झालं होतं एकदाचं. याच खाटेवर. दे इकडे."

शिंपिणीने धाकटीला पुढे केलं. इस्त्रीवालीने पोरीला घेतलं, छातीशी धरलं आणि मागे न बघता गेली. मग समोरच्या दारातून त्या पोरीचं भोकाड ऐकू येऊ लागलं. चांगलं खणखणीत, रोजच्या रोज. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. भाऊ बरा झाल्यावरच ती परत आली, आणि हल्ली त्याच गजाला धरून उभी राहते.

पण या शहरात अशा किती खोल्या, किती खाटा! प्रत्येक दारासमोर इस्त्रीवाली थोडीच राहते? म्हणून तुम्हाला सांगते. एका मुलाला ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं, तर धाकट्याला त्याच्याजवळून उचला. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. मी या दारात मावत नाही. बाळ मावतं.