ब्वानाच्या टाकीवर उलटा टांगलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. एक कोपरा फुटलेला आणि पाठीला आंब्याच्या लाकडाची फळी. माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. मी डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म मोम्बासा बंदरातल्या एका काचेच्या दुकानात झाला. काहिंदी नावाच्या पाणबुड्याने मला त्याच किनाऱ्यावरच्या किलिफी गावाला आणलं, त्याच्या नव्या बायकोसाठी, न्येवूसाठी. अकरा वर्षं तिने मला रोज पुसलं. मग काहिंदीने दुसरी बायको केली. तिचं नाव म्बेयू. आल्या आल्या तिने न विचारता मला खिळ्यावरून काढलं, वेण्या बघायला उन्हात नेलं आणि हातातून सोडलं. माझा कोपरा गेला. "एवढासा तर उडालाय, ताई," असं ती न्येवूला म्हणाली. एवढासा! मित्रांनो, तुमच्या कानाचा एवढासा तुकडा उडाला तर तुम्हाला कसं वाटेल? मी त्या दिवशीच ठरवलं, हिला सोडायचं नाही.

न्येवूचं दुखणं वेगळं होतं. त्या घरात सासूचा, म्हणजे बीबी सिदीचा, एक नियम होता. नवी सून आली की सगळ्यांच्या चुलींचे दगड उचलून दुसरीकडे मांडायचे. "जुनी कुणी नाही, नवी कुणी नाही. आजपासून सगळ्याच नव्या," असं म्हातारी म्हणायची. न्येवूची चूल अकरा वर्षांच्या धुराने काळी झालेली होती. ती हलवताना तिने कसे दात-ओठ खाल्ले, ते मी भिंतीवरून पाहिलं.

घरामागे खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. काहिंदी समुद्रातून जिवंत रंगीत मासे धरून आणायचा, बायका ते सांभाळायच्या आणि शुक्रवारी व्यापारी येऊन न्यायचा. सगळं घर त्यावर जेवत होतं. त्या टाकीत एक निळा मासा होता. त्याच्या शेपटीशी वस्तऱ्यासारखं पातं होतं. सगळे त्याला 'ब्वाना' म्हणत, म्हणजे साहेब. टाकी आपल्या बापाची आहे असं त्याला वाटे. नवा मासा आत पडला की तो त्याला फाडायचा. शेवटी व्यापाऱ्याने बजावलं, "आता एक जरी फाटक्या पंखांचा मासा दिसला, तर मी या दारात पुन्हा येणार नाही."

त्याच आठवड्यात म्बेयूने ओहोटीच्या खळग्यातून दोन छोटे पिवळे मासे धरले. तिची ती पहिलीच कमाई. बीबी सिदीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण मासे कळत होते. तिने न्येवूला सांगितलं, "आधी आतले दगड हलव, म्हणजे ब्वानाला आपलं घर ओळखू येणार नाही. बाहेरून काचेला आरसा लाव. तो आपल्याच तोंडाशी भांडत बसेल, तेवढ्यात लहानगे जागा धरतील. वर गोणपाट टाक. आणि तिसऱ्या दिवशी आरसा काढ गं, नाहीतर भांडता भांडता तो उपाशी मरेल."

"हो, आई," न्येवू म्हणाली.

तिने दगड हलवले नाहीत. मला मात्र टाकीवर टांगलं, तेही उलटं. माझी लाकडी पाठ काचेला आणि तोंड बाहेर. दोरीला तिने दोन गाठी मारल्या. त्या वेळचा तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. आरसा काय बोलणार, असं तुम्ही म्हणाल. पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. पिवळे मासे आत सोडल्यावर माझ्या पाठीमागे पाणी उसळत होतं आणि मला माझा कोपरा आठवत होता. मला बरं वाटत होतं.

सकाळी एक पिवळा मासा मेलेला होता. दुसरा फाटक्या शेपटीने टाकीच्या तळाशी पडलेल्या नळीत लपला होता. शुक्रवारी व्यापाऱ्याने टाकीत डोकावलं आणि तशीच गाडी वळवली. म्बेयूचे गेलेच, न्येवूने जपलेले मासेही टाकीतच राहिले. त्या मोसमात घरात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, होती, पण तिच्याबरोबर खायला काही नसायचं.

म्बेयू टाकीपाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, हा असाच होता?"

"वाऱ्याने फिरला असेल."

"दोन गाठींसकट?"

न्येवू चुलीकडे वळली. म्बेयूने मला सुलटा केला, दगड हलवले आणि गोणपाट टाकलं. दोन दिवस ब्वाना माझ्यावर धडका देत होता. मीही त्याला मनसोक्त चिडवलं. तिसऱ्या दिवशी तिने मला वेळेवर काढलं. नळीतला मासा जगला.

मग म्बेयूने मला न्येवूच्या घरात त्याच जुन्या खिळ्यावर नेऊन टांगलं, तोंड भिंतीकडे करून. न्येवूने संध्याकाळी मला सरळ केलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उलटा. असं महिनाभर चाललं. म्बेयूने सासूकडे चहाडी केली नाही, नवऱ्याकडेही नाही. आणि न्येवूला तक्रार करता येईना, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं. ती खंगत गेली. तिचं जेवणही सुटलं. म्बेयूला ते दिसत होतं, तरी ती थांबली नाही.

एके दिवशी बीबी सिदी भिंत चाचपत आली. काचेऐवजी तिच्या हाताला लाकूड लागलं.

"आरसा उलटा कुणी टांगला गं?"

म्बेयू दारात उभी होती. ती न्येवूकडे बघत राहिली.

"मीच," न्येवू म्हणाली. "टाकीवर. पहिल्यांदा मीच टांगला, आई."

म्हातारीने लाकडावरचा हात काढला. मग म्हणाली, "चुली हलवा. दोघींच्याही. आणि आज हा आरसा धाकटी काढेल, भांडणाचा तिसरा दिवस कधीच होऊन गेला."

आता मी दोन्ही घरांच्या मधल्या खांबावर असतो. खाऱ्या वाऱ्याने माझा पारा झडत चाललाय. माझा कोपरा मी अजून विसरलेलो नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखा जुना आरसा तुमच्याकडे असेल तर त्याला पुसत जा. आणि तो कधी टाकीवर लावायची वेळ आली, तर तोंड आत आहे ना, हे दोनदा पाहा. लावणाऱ्याचं तोंडही एकदा पाहून घ्या.