एका जिन्याचा पूल

गुणवंत पाटणकरांनी दिल्लीच्या वेशीवर फ्लॅट घेतला तो निव्वळ एका पादचारी पुलाच्या भरवशावर. बिल्डरच्या नकाशात तो पूल बारा पदरी हायवेवरून थेट समोरच्या सोसायटीशी उतरत होता, आणि त्या सोसायटीत त्यांची थोरली बहीण विजयालक्ष्मी एकटीच राहत होती. आईवडील गेल्यापासून तिला माहेर म्हणून हा एक भाऊच काय तो उरला होता. यू-टर्न घेऊन यायचं तर दीड तास, आणि गाडीत दहा मिनिटं बसलं की ताईची कंबर धरायची. जिने मात्र ती पासष्टाव्या वर्षीही धडाधड चढे. "पूल झाला की दिवाळीला माहेरी येणार," तिने बजावून ठेवलं होतं.

पूल झाला. मोठा झकास झाला, सेल्फीसाठी वेगळा कोपरासुद्धा ठेवला. फक्त पलीकडे उतरायला जिना नव्हता. पलीकडची बाजू दुसऱ्या राज्यात येत होती. ते राज्य म्हणे, पूल आमचा नाही, मग जिना आमचा कसा? अलीकडचे म्हणत, जमीन आमची नाही, मग जिना आमचा कसा? दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

लोक तरीही चढत. टोकापर्यंत जात, कठड्यावरून पलीकडे बघत आणि परत येत.

गुणवंत केंद्र सरकारच्या ज्या खात्यात अवर सचिव होते, तिथेच नव्या पुलांना वापरावरून गुण दिले जात. त्यांनी टिपण लिहिलं, दुसरा जिना तातडीने हवा. ते टिपण हातात घेऊन परीक्षित आला. हा खात्याने पुण्याहून आणलेला तरुण कन्सल्टंट.

"सर, हा आपल्या लिस्टमधला नंबर वन पूल आहे. प्रत्येक माणूस जिन्याच्या सेन्सरसमोरून दोनदा जातो. दुसरा जिना झाला तर एकदाच जाईल. वापर डायरेक्ट निम्मा. मग इतक्या कमी वापराच्या पुलाला दुसरा जिना कोण मंजूर करणार?"

"अहो, पण पलीकडे कोणी पोचत नाही."

"ते आपण मोजत नाही सर. आणि चढलेले अन् उतरलेले रोज बिल्कुल जुळतात. असा स्वच्छ डेटा कुठेच नाहीये."

गुणवंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दसऱ्याला त्यांनी सरळ पुलाच्या टोकावरून ताईसाठी श्रीखंडाचा डबा दोरीने खाली सोडला. ते बघून दुसऱ्या दिवशी कोणी औषधं सोडली, कोणी भाजी. आठवड्याभरात तिथे रांग लागू लागली. पाहणीला आलेलं पथक हरखून गेलं. दोरीच्या जागी मोटर आली, पिवळा पाळणा आला, तो चालवायला माणूस आणि नोंदीला रजिस्टर आलं. मागोमाग फाइल आली: पलीकडची गरज भागली असल्याने जिन्याचा प्रस्ताव बंद करावा. सही गुणवंतांचीच लागत होती. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाने करावी तशी त्यांनी ती मुकाट्याने केली.

त्या संध्याकाळी डबा सोडताना त्यांना ताईकडे बघवेना. स्वतःचीच लाज वाटत होती. तिने खालून फोन लावला.

"गुणा, हा पाळणा किती किलो उचलतो रे?"

"शंभर. का गं?"

"मी अठ्ठावन्न आहे."

वसुबारसेला सकाळी ती रेशमी साडी नेसून, पिशवी घेऊन पाळण्यात बसली. वर पाळणेवाल्याने रजिस्टर पुढे केलं. "आदमी का कॉलम नहीं है साहब. सामान हो तो लिखिए." गुणवंतांनी लिहिलं, 'घरगुती सामान, ५८ किलो,' आणि दुसऱ्यांदा मुकाट्याने सही केली. ताई वर आली ती पिशवी छातीशी धरून, डोळे गच्च मिटून.

"आलं का माहेर?" तिने विचारलं.

गुणवंतांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि दोघं जिना उतरून घरी गेली.

दुपारी परीक्षितचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"सर, आपल्या पुलावर तफावत आलीय. तीनशे बारा चढले आणि तीनशे तेरा उतरले. न चढता कोणी उतरेल कसं? मी एक कमी करून टाकू?"

स्वयंपाकघरात ताई डबे उघडून बघत होती आणि चकल्या मऊ पडल्यात म्हणून कुरकुरत होती.

"हात लावू नका," गुणवंत म्हणाले. "आकडा बरोबर आहे."

"मग तो जास्तीचा माणूस कोण लिहू सर?"

"लिहा, माहेरवाशीण."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सर, तो कॉलम नाहीये."

"मग उघडा," गुणवंत म्हणाले आणि फोन ठेवून चकली खायला गेले.