पुढच्या डाव्या टायरची आतली कड

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नुसता टायर म्हणू नका, पुढचा डावा म्हणा. आम्हा टायरांत जागेला मान असतो. मागच्यांनी मुकाट्याने मागून यायचं. वळण आलं की आधी आम्हा पुढच्यांनी तोंड फिरवायचं. त्यातही रस्त्याच्या कडेचे खड्डे आणि सांडलेली खडी आधी माझ्याच वाट्याला येते. म्हणून मला थोडी घमेंड आहे, तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर, कापड आणि बारीक तारा यांचे थर एकावर एक चढवून मला तापलेल्या साच्यात कोंबलं. तो उकाडा आठवला तरी नको वाटतं. पण बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर सुंदर नक्षी उमटली होती. पावसाचं पाणी तीच बाजूला सारते आणि ओला रस्ता तीच घट्ट धरते. टायराचं सगळं वैभव ते तेवढंच.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात रविकिरण नावाच्या तरुणाच्या पांढऱ्या गाडीला मला बसवलं. घरात तो आणि त्याची आई अंबाबाई. थोरली बहीण स्पंदना लग्न होऊन मडिकेरीला गेलेली. अंबाबाईंच्या माहेरी पूर्वी लाकडी ठशांनी लुगडी छापत. लहानपणी त्यांनीही रंगात ठसे बुडवून कापडावर दाबले होते. आता ते काम गेलं, आणि रविकिरण ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. पण मुलगा मोठा मायाळू! दर रविवारी मला घासून धुवायचा, हवा वेळेवर भरायचा. त्याचे उपकार मी कसे विसरेन?

एका वर्षी त्याच्या मनात आलं, की आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आपली गाडी गल्लीत उठून दिसली पाहिजे. त्या दिवशी आमच्या गावात झाडून सगळ्या गाड्या झेंडूच्या माळा आणि केळीची रोपं लेवून उभ्या असतात. उठून दिसायचं तर गाडी जमिनीला टेकल्यासारखी हवी, म्हणून तो आखूड स्प्रिंगा घेऊन आदल्या दिवशी संध्याकाळी नजरबाद भागातल्या येसाजीरावांच्या गॅरेजात गेला. पी हळद नि हो गोरी, असला प्रकार.

येसाजीराव पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हैसूरकर मराठे. त्यांनी स्प्रिंगा घालून दिल्या, पण चाकं जुळवायच्या, म्हणजे अलाइनमेंटच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "तिला हार घातलाय रे. पूजेला बसवलेल्या हत्याराला आता हात लावायचा नाही. दसरा झाला की ये, चाकं जुळवून देतो. तोवर सुम्ने, उगीच फिरत बसू नको."

"आयतु मामा," रविकिरण मान डोलावत म्हणाला.

इथे थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. गाडी खाली बसली की चाकं पूर्वीसारखी ताठ राहत नाहीत. वरच्या बाजूने ती आत कलतात आणि पुढून बाहेर फाकतात. तुम्ही घोटे आत पाडून, पावलं फाकवून चालून बघा. चपलेची कुठली कड झिजते ते कळेल.

आयुधपूजेला आमचं कौतुक काय वर्णावं! गल्लीतली पोरं फोटो काढायला धावली. मीही फुशारलो. दसरा झाला, माळा सुकल्या, आणि रविकिरण मशीनचं विसरला. गाडी सरळच जात होती ना! बाहेरून माझी नक्षी जशीच्या तशी होती. आतून मात्र मी रोज सोलला जात होतो. मी घरघर आवाज करून सांगायचा प्रयत्न केला, तर त्याने दोष दिला रस्त्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

मग तो दिवस आला. स्पंदनाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला मडिकेरीहून आणायचं होतं. राहुकाळ लागायच्या आत गाडी दारातून हललीच पाहिजे, म्हणून अंबाबाईंनी पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मला तर धडकी भरली होती. वाटेत कुशालनगरच्या पुढे घाटाची नुसती वळणं, आणि येताना गाडीत दोन जीवांची पोर!

रविकिरणने गाडी मागे घेतली. माझं अंग दारातल्या रांगोळीच्या कडेवरून गेलं, आणि पलीकडच्या ओल्या फरशीवर माझा पांढरा छाप उठत गेला.

"रवी, निल्लु! थांबव गाडी!" अंबाबाई ओरडल्या.

"काय अम्मा? राहुकाळ, राहुकाळ म्हणून तूच गडबड करतीस ना?"

"असू दे राहुकाळ. हे नोड, बघ. ह्या कडेला नक्षी उठलीय, त्या कडेला कायच नाही. ठसा असा उठला की माझे बाबा कामच थांबवत होते. हा एका अंगानं झिजलाय."

"अम्मा, हा टायर आहे, लुगड्याचा ठसा नव्हे. अक्का वाट बघतीय."

"अक्का आता एकटी आहे काय? बघितल्याशिवाय तू जायचं नाहीस."

त्याने वैतागून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, खाली उतरला, वाकला आणि माझ्या आतल्या कडेवर हात फिरवला. उघड्या पडलेल्या तारा त्याच्या बोटांना टोचल्या. तो तिथेच फरशीवर बसला. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं असतं, तर मी रडलो असतो. इतके महिने जे मला सांगता येत नव्हतं, ते एका आईने वाचलं.

राहुकाळ लागला. अंबाबाईंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. रविकिरणने माझ्या जागी स्टेपनी लावली, मला डिकीत टाकलं आणि सावकाश येसाजीरावांकडे नेलं.

"घाटात फुटला असता रे अप्पा," येसाजीराव माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "दसऱ्यानंतर ये म्हटलं होतं ना?"

"गाडी सरळ जात होती, मामा."

"ती जात नव्हती. तू स्टिअरिंग ओढून धरत होतास."

"मग खाली केली हीच चूक. जुन्या स्प्रिंगा घाला."

"खाली करणं चूक नव्हे. खाली केली की चाकं जुळवायची, आणि स्प्रिंगा थोड्या दबल्या की पुन्हा तपासायची. पण तुझी फारच खाली आहे. बोटभर वर घेऊ, म्हणजे कोन नीट बसेल."

त्यांनी तसं केलं. मला आणि पुढच्या उजव्याला रजा मिळाली, दोन नवे टायर बसले, चाकं मशीनवर जुळली, आणि दुपारी गाडी मडिकेरीला निघाली. मी गॅरेजातच राहिलो. नव्या डाव्याचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण स्पंदना सुखरूप घरी पोचली हे कळलं, आणि हेवा कुठल्या कुठे पळाला.

आता येसाजीरावांनी मला आतली कड पुढे करून भिंतीला टांगलंय. गाडी खाली करायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी माझ्यापुढे उभं करतात. फेकून न देता त्यांनी मला हे काम दिलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

परवा रविकिरण गाडी तपासायला आला, तेव्हा स्पंदना लेकीला कडेवर घेऊन सोबत होती. येसाजीरावांनी माझी ओळख करून दिली, आणि माझ्या तारा बघून ती थबकली.

"रवी, मला आणायला ह्याच्यावर निघाला होतास?"

रविकिरणने मान खाली घातली. लेकीला तिने छातीशी घट्ट धरलं, आणि दुसरा हात कितीतरी वेळ माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना एवढं सांगा: गाडी खाली करा, वर करा, पण चाकं जुळवून घ्या. आणि अधूनमधून स्टिअरिंग पूर्ण फिरवून, वाकून आमच्या आतल्या कडेला हात लावा. आम्हाला हाक मारता येत नाही.