कलीमभाईंचं खाकरणं

निवडून येऊन सहा महिने झाले, तेव्हा सरकारला आम्हाला शिकवायची आठवण झाली. प्रशिक्षण सक्तीचं. नांदेडला एसटी बदलून आम्ही नगरसेवक लातूरला गेलो. वर्ग एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होता. भूकंपानंतर या शहरात हेच एक पीक जोमात आलेलं. सोबत आलेल्या नवऱ्यांना बाहेर बसवलं. आम्हा बायांना तेवढंच बरं वाटलं.

माझ्या शेजारी बुशरा होती. आमच्या गावातली मुलींची उर्दू शाळा त्याच भूकंपाच्या हादऱ्यानं तडकलेली, म्हणून ती पाडून जागा कोचिंगवाल्याला द्यायचा ठराव सोमवारच्या सभेत येणार होता. बुशराची लुबना त्याच शाळेत शिकायची. बुशराचा नवरा कलीमभाई मात्र ठरावाच्या बाजूनं मत द्यायचा शब्द गावच्या पुढाऱ्याला देऊन बसलेले. मतं काठावर होती. बुशरा फिरली तर शाळा वाचणार होती.

पण फिरायचं कसं? सभेत कलीमभाई दाराशी उभे राहत. ते खाकरले की ही हात वर करी. एवढंच तिचं राजकारण.

प्रशिक्षणात सरांनी सरावाची सभा भरवली. बाहेर कुणीतरी बिडी ओढताना खोकलं आणि बुशराचा हात आपोआप वर गेला. सगळे हसले. तिचं तोंड उतरलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सरांना गाठलं. हात खाली ठेवायचा कसा, असं विचारलं. सर म्हणाले, नाही उचलला की झालं, त्यात काय शिकायचंय? आणि जिलेबीकडे वळले. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

सोमवारी सभेत अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूचे हात मागितले, तेव्हा बुशरा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. कलीमभाई खाकरले. पुन्हा खाकरले. हात हलला नाही. माझ्या जिवात जीव आला.

मग अध्यक्ष म्हणाले, विरोधात असतील त्यांनी हात वर करा. मी केला. शेजारी पाहिलं. दाराशी आता कुणी खाकरत नव्हतं.

"बुशरा, हात," मी कोपर मारलं.

तिनं मांडीखालचा हात ओढून पाहिला. हात काही निघेना. मतं समान पडली आणि अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकून ठराव मंजूर केला.

बाहेर लुबना दप्तर घेऊन उभी होती.

"अम्मी, हात वर केला न्हाई ना?"

"न्हाई केला," बुशरा म्हणाली आणि रस्त्यातच खाली बसली.