चार भोकांचं बटण

चार भोकांचं बटण, तपकिरी. दोरा मात्र काळा… आणि असं आवळलेलं, की भोवतीच्या कापडाला चुण्या पडलेल्या. दाराजवळच्या खुंटीवरून बायकोचा कोट काढून तो खिडकीशी घेऊन आला. हा कोट त्यानंच शिवलेला, त्याचं शिलाईकामही ह्याच बाहेरच्या खोलीत चालायचं. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत, आणि बायकोही चिडवायला मास्तरच म्हणे. सोळा वर्षांत तिनं सुई हातात धरली नव्हती. शिंप्याच्या घरात मी कशाला टोचून घेऊ, हे तिचं ठरलेलं उत्तर.

म्हणूनच तर गेल्या हिवाळ्यात कळलं होतं. हेच बटण. तो नेहमी दोन सरळ ओळींत टाके घालतो. त्या दिवशी टाके होते फुलीचे — नेटके, बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन. कोणी लावलं, एवढंच त्यानं सहज विचारलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठतोस, म्हणाली असती तर त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं… पण ह्या बाईला खोटंही धड बोलता येत नाही. खाली बसली आणि सगळं सांगितलं. ऑफिसातला एकजण. आठ महिने. त्याच आठवड्यात तिनं ते संपवलं. पण मास्तरनं तेव्हाच कातरीनं बटण उडवलं होतं, आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की त्या माणसानं बटण छान लावलं होतं.

आता घटस्फोटाचे कागद खणात, कातरीखाली. पाचपर्यंत सही करून वकिलाकडे पोचवायचे. पाणी डोक्यावरून गेलंय, एकदाचा सोक्षमोक्ष लाव, असं ताईनं सकाळीच फोनवर बजावलं होतं, आणि तो हो म्हणाला होता.

म्हणजे उडालेलं बटण तिनं उचलून ठेवलं होतं तर… सबंध हिवाळा एका हातानं कोट आवळून धरत कामावर गेली, पण लावून दे म्हणाली नाही. मला सांगितलं असतंस तर मी लावलं नसतं का? — नसतंच लावलं, कदाचित.

त्यानं कोट उलटा केला. अस्तरावर रक्ताचा वाळलेला ठिपका. टोचलं होतं बाईसाहेबांना. आणि टाके आरपार गेलेले, इतके आरपार, की आतल्या खिशाचं तोंडच शिवलं गेलेलं. खिसा चाचपला. आत काहीतरी कडक, चौकोनी…

तिचं ओळखपत्र! दोन दिवस ती घरभर ते शोधत होती. गाद्या उलट्या केल्या, पिठाच्या डब्यातसुद्धा पाहिलं, आणि हल्ली बोलणंच नाही, म्हणून त्यानं काय हरवलं ते विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. स्वतःच्याच हातानं शिवून टाकलं होतं वेडीनं.

त्याला हसू फुटलं. मशीनवर डोकं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो एकटाच हसला. राग कुठं गेला नव्हता. तिथंच होता, हसू ओसरल्यावर पुन्हा जाणवला. पण हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. ताईला? ताई म्हणेल, बरं झालं, अशीच खोड मोडायला हवी होती. हे ऐकून पोट धरून हसेल असं माणूस जगात एकच होतं, आणि ते साडेसहाला घरी यायचं होतं.

टाके उसवायला त्यानं कातर उचलली… आणि पुन्हा कागदांवर ठेवून दिली. असू दे, तिलाच दाखवू.

घड्याळात पावणेपाच झाले होते. साडेसहाला अजून पावणेदोन तास. केवढा वेळ, असं त्याला वाटलं.