खण नंबर सतरा

सदाशिव पेठेतल्या पालिकेच्या सभागृहात त्या दुपारी सुदाम्याचं आख्यान असं काही रंगलं होतं, की पंखे फिरताहेत की थांबलेत याचीही कुणाला शुद्ध नव्हती. संभाजीबुवा गात होते, द्वारकेचा राणा मित्रासाठी अनवाणी धावत सुटला होता, आणि कीर्तन मंडळाच्या इंदुबाई दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्यांचा एक कान आत होता आणि एक डोळा बाहेर, जयसिंगकडे.

जयसिंग म्हणजे बिबवेवाडीचा चाळिशीतला गडी. खडकीला वॉचमनची नोकरी मिळत होती, पण काळे बूट असल्याशिवाय उभं करत नव्हते. म्हणून गेल्या वर्षी याच सभागृहाबाहेरून त्याने मंडळाच्याच आमोदरावांचे बूट उचलले आणि कॅमेऱ्यात सापडला. बूट परत दिले, गुन्हा पहिलाच, रक्कम किरकोळ. नव्या कायद्यात अशांसाठी सोय आहे, म्हणून न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा दिली. याच सभागृहात झाडलोट करायची, पाणी भरायचं. कीर्तन सप्ताह लागला तेव्हा इंदुबाईंनी हट्टाने त्याला चपलांच्या मांडणीवर बसवलं.

"बूटचोराला चपलांवर? वा! उद्या मांजराला दुधाच्या डेअरीत मॅनेजर नेमा," आमोदराव म्हणाले होते.

"तो राखेल. माझा शब्द," इंदुबाई म्हणाल्या होत्या.

आज शेवटचा दिवस होता. त्याच्या शिक्षेवर देखरेख करणाऱ्या परिविक्षा अधिकारी तेजस्विनीबाई अहवाल लिहायलाच आल्या होत्या आणि मागच्या खुर्चीत बसून कीर्तन ऐकत होत्या. अहवाल चांगला गेला की जयसिंग मोकळा. कसूर निघाली तर पुन्हा कोर्ट, आणि मग तुरुंग.

आरती सुरू झाली. इंदुबाईंना राहवेना. "जयसिंग, आत जा. आरती घे, बुक्का लावून घे."

"काकू, माझी ड्युटी हाय."

"मी बसते इथे. आठ दिवस दाराबाहेरून ऐकलंस ना? जा म्हणते ना!"

तो गेला. आणि नेमके त्याच वेळी बुवा बाजूच्या दाराने लगबगीने बाहेर आले. संध्याकाळी त्यांचं दुसरं कीर्तन होतं, रिक्षा थांबली होती. गळ्यात हार, कपाळ बुक्क्याने काळंभोर, ओठांवर अजून तोच अभंग. इंदुबाईंचं काळीज नुसतं सुपाएवढं झालं. बुवांच्या पायांपुढे चपला ठेवण्याचा मान! वर्षानुवर्षं तो मंडळाच्या अध्यक्षांचा. आज आयता त्यांच्या पुढ्यात आला होता. मांडणीत एक कोल्हापुरी जोड तेल लावल्यासारखा लखलखत होता. बुवांचा म्हणजे हाच, दुसरा कुणाचा असणार? त्यांनी दोन्ही हातांनी तो उचलला, पदराने पुसला, बुवांपुढे ठेवला आणि डोकं टेकवलं. बुवांनी गुणगुणतच पाय सरकवले, रिक्षा निघून गेली. इंदुबाई जागच्या जागी तरंगत होत्या.

गर्दी बाहेर पडली. जयसिंग पळत जागेवर आला आणि बिल्ले घेऊन भराभर चपला देऊ लागला. शेवटी उरले आमोदराव.

"सतरा."

जयसिंगने सतरा नंबरच्या खणात हात घातला. खण रिकामा.

"झालं!" आमोदराव कडाडले. "माझेच बूट, माझ्याच चपला! अहो मॅडम, या इकडे. तुमची समाजसेवा बघा!"

तेजस्विनीबाईंनी वही उघडली. "जयसिंग, जागा सोडली होतीस का?"

"व्हय मॅडम."

"का?"

जयसिंगचं लक्ष स्टुलाखाली गेलं. तिथे लाल फडक्यात बुवांच्या साध्या, झिजलेल्या चपला त्याने मानाने वेगळ्या ठेवल्या होत्या. फडकं तसंच बांधलेलं. त्याने एकदा इंदुबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "चूक झाली," एवढंच म्हणाला.

इंदुबाईंनीही फडकं पाहिलं होतं. हा माणूस आपल्यासाठी तुरुंगात जायला निघालाय की काय!

"थांबा! काही लिहू नका!" त्या ओरडल्या. "मी त्याला आत पाठवलं. आणि आमोदराव, तुमच्या चपला मी बुवांच्या पायात घातल्या. या हातांनी!"

"काय?"

"वर नमस्कारही केला त्यांना."

आमोदरावांचा चेहरा असा झाला, की हसावं की रडावं ते त्यांनाच कळेना. तेजस्विनीबाई म्हणाल्या, "काकू, तुमचं त्याच्यावर प्रेम आहे, हे सगळे जाणतात. चपला मिळाल्या आणि मालकांनी तसं सांगितलं, तरच मला लिहिता येईल. मी तासभर थांबते."

बुवांचा फोन बंद. कीर्तन बिबवेवाडीत. "काढा स्कूटर!" इंदुबाई म्हणाल्या, आणि अनवाणी आमोदरावांच्या मागे बसल्यासुद्धा. स्वारगेटच्या गर्दीत त्या एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने आमोदरावांचा खांदा घट्ट धरून मोठमोठ्याने नाम घेत होत्या.

"इंदुताई, लोक बघताहेत."

"बघू द्या! तुम्ही गाडी हाणा!"

दोघं मंडपाशी पोचले तेव्हा बुवांनी नमन धरलं होतं. बाहेर चपलांचा हा ढीग! इंदुबाई गुडघ्यांवर बसून उपसू लागल्या, आमोदरावही वाकले. "ही... ही माझी! आणि ही दुसरी!" ते लहान पोरासारखे ओरडले. आत चार माणसांनी मागे वळून "शूऽऽ" केलं.

इंदुबाईंनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. आमोदरावांनी तो कानाला लावला.

"मॅडम, मिळाल्या. जयसिंगचा दोष नाही. आणि लिहा, आठ दिवसांत कुणाची चप्पल इकडची तिकडे झाली नाही. आज झाली ती आमच्या मंडळाच्या भक्तीने."

पलीकडे तेजस्विनीबाई हसल्या. "मग मी सही करते. जयसिंग, ऐकलंस का? अरे, रडतोस काय!"

"पण आता बुवा घरी काय घालून जाणार?" आमोदरावांना एकदम आठवलं. "त्यांच्या तर तिकडे फडक्यात! मॅडम, सांगा त्याला, घरी येताना घेऊन ये म्हणावं. आम्ही बसलोय इथे."

आख्यान लागायच्या आत जयसिंग पोचला. बसमधून उभ्यानेच आला होता. लाल फडकं छातीशी धरलेलं, कपाळावर दुपारचा बुक्का, आणि श्वास फुललेला. चपला बुवा बाहेर पडतील त्या वाटेवर ठेवून तो सवयीने बाहेरच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिला.

आमोदराव उठून दाराशी गेले. "इथे कुणी नेमलंय का तुम्हाला?"

"न्हाय साहेब."

"मग आत या की, जयसिंगराव. सरका हो इंदुताई, जागा द्या."

बुवांनी गजर धरला. जयसिंग मांडी घालून दोघांच्या मध्ये बसला. पहिल्या टाळीला त्याचा हात चुकला, दुसरीला बरोबर पडला.