वरच्या मजल्यावरचं हसू

सुमिए किताबाच्या घरात दोन टीव्ही होते आणि दोन्हींवर दिवसभर एकच वाहिनी लागलेली असे. एक खाली, जाड पांघरूण घातलेल्या ऊबदार टेबलापाशी. दुसरा वर, तिच्या मुलाच्या, शोगोच्या खोलीत. वरचा जुना होता, त्याचा आवाज खालच्यापेक्षा एक श्वासभर मागे चाले. खाली विनोद झाला आणि स्टुडिओतली माणसं खदखदली, की मागोमाग छतातून तेच हसू पुन्हा झिरपत येई. नव्या माणसाला वाटावं, घरात भूत आहे. सुमिएला मात्र तो आवाज देवळातल्या घंटेइतका प्यारा होता. वरचा टीव्ही हसला म्हणजे शोगो जागा आहे. जागा आहे म्हणजे जेवेल. जेवेल म्हणजे आहे.

शोगो वरच्या खोलीत गेला त्याला बरीच वर्षं लोटली होती. शहरातली पहिली नोकरी सोडून आला, पायातले जोडे काढून नीट भिंतीला लावले, जिना चढला आणि उतरलाच नाही. सुमिए मासळीबाजारात गेली की तेवढ्यापुरता तो खाली येऊन अंघोळ करून जाई, हे तिला ओल्या पंचावरून कळे. जेवणाचं ताट ती जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवी. नवरा देवाघरी गेलेला. रोज पहाटे पहिल्या वाफेचा भात देव्हाऱ्यात त्याच्या तसबिरीपुढे ठेवून ती हात जोडी आणि एकच मागणं मागे, "याला खाली आणा."

परदेशी विद्यार्थिनी घरात ठेवून घ्यायची कल्पना शेजारच्या नोबुएची.

"अगं, घरात तरुण आवाज आला ना, की वरचा देव आपोआप खाली उतरतो की नाही बघ," नोबुए म्हणाली. "आणि नाही उतरला तर निदान तुला भिंतीशी बोलायला नको."

"मी भिंतीशी बोलत नाही. टीव्हीशी बोलते."

"मोठा फरक आहे, बाई!"

अशी रोसिओ आली. अर्जेंटिनाची, सतरा वर्षांची, कुरळ्या केसांचा हा एवढा भार. गावच्या शाळेत वर्षभर शिकायचं, सायकलवरून जायचं-यायचं. हिवाळा सरताना तिला इथे पाठवणाऱ्या संस्थेचे मिझुकोशी साहेब येऊन विचारणार होते, की उन्हाळ्यापर्यंत याच घरी राहतेस की दुसरं घर बघायचं? सगळं मुलीच्या मनावर. पहिल्याच आठवड्यात सुमिएने मनाशी गाठ बांधली, ही राहिली पाहिजे. ही राहिली तर तो उतरेल.

आल्या आल्या रोसिओला भाषा अशी येतच नव्हती. ती टीव्हीकडून शिकली. सकाळी आठची मालिका बघून, तोंडात भाजलेला पाव धरून ती सायकलवर बसे, त्यामुळे शाळेत रोज पाच मिनिटं उशीर. संध्याकाळी सुमोच्या कुस्त्या. त्यातल्या निवेदकाची भाषा तिच्या जिभेवर अशी बसली, की लोणच्याची बरणी उघडतानाही ती ओरडे, "पकड घट्ट! काठावर गेला, काठावर गेला! पण पाय अजून टिकून आहे!"

सुमिए हसून हसून डोळे पुसे. "अगं, मुळ्याचं लोणचं आहे ते, पहिलवान नव्हे!"

"आई, हा मुळा फार अनुभवी आहे," रोसिओ गंभीरपणे म्हणे.

नोव्हेंबरातली गोष्ट. असंच बरणीचं निवेदन चाललं होतं आणि सुमिएच्या ध्यानात आलं, की वर शांतता आहे. वरचा टीव्ही बंद. तेवढ्यात बरणीचं झाकण निघालं, रोसिओने आरोळी ठोकली आणि छतावर एकदा, एकदाच, धप्प असा पाय आपटला. कुस्तीच्या फडात मल्ल आपटतो तसा.

रोसिओने वर बघितलं. "प्रेक्षक आहेत का?"

"आहेत," सुमिए म्हणाली. शोगो टीव्ही बंद करून या पोरीला ऐकत होता.

मग ती एक रीतच पडली. रोसिओ मुद्दाम छताकडे तोंड करून बोले. हवामानाच्या बातम्या म्हणून दाखवी. "किनाऱ्यावर विजा चमकतील, मासे जाळ्यात येतील, आणि वरच्या मजल्यावर अधूनमधून धप्प!" डिसेंबरात समुद्रावर हिवाळी मेघ गडगडले, ताजा मासा आणि मुळा शिजला, आणि त्या रात्री जिन्याची तिसरी पायरी करकरली. वरून तिसरी. कुणी उतरलं नाही. पण पायरी करकरली होती. सुमिएने देव्हाऱ्यापुढे जास्तीची उदबत्ती लावली.

तोवर रोसिओ पाहुणी होती आणि सुमिए तिला पाहुणीसारखीच वागवी. न्हाणीघरात पहिलं गरम पाणी तिला. कुणी आलं-गेलं की तिच्या तोंडावर तिची तारीफ. "काय सांगू, किती गुणी! किती चटकन शिकते! आमच्या घराचं भाग्य!" रोसिओ लाजे आणि तिचे कान लाल होत. नव्या वर्षाला मात्र सुमिएने बाजारातून तिच्यासाठी स्वतंत्र भाताचा वाडगा आणला, निळ्या माशाचा, आणि कपाटात शोगोच्या वाडग्याशेजारी मांडला. घरच्या माणसालाच असा वाडगा असतो. त्या दिवशी पाहुणी संपली. हे सुमिएला कळलं. पोरीला कसं कळावं?

जानेवारीत टीव्हीवाले आले. स्थानिक वाहिनीवर परदेशी मुलांचा एक कार्यक्रम असे, तो रोसिओ दर आठवड्याला बघे. तिला तर आभाळ ठेंगणं झालं. कॅमेऱ्यापुढे तिने बरणीचं निवेदन केलं, जोडे नीट लावून दाखवले. मग निवेदिका सुमिएकडे वळली. "काकू, कशी आहे हो मुलगी?"

सुमिएचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी कुणी तिला मुलांबद्दल विचारत होतं, आणि सांगायला तिच्याकडे एक लेक होती. आपलं मूल लोकांपुढे नेहमी कमी करूनच मांडायचं असतं, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि आईला आजीने.

"कसली हो आमची ही!" ती वाकून, हसत म्हणाली. "सकाळी उठत नाही. खाते मात्र बैलासारखी. केसांनी न्हाणीची मोरी तुंबवते. काही उपयोगाची नाही बघा. सगळ्यांना त्रास होतोय, सांभाळून घ्या."

कॅमेरावाले हसले. निवेदिका हसली. सुमिएला वाटलं, आपण पहिल्यांदा या पोरीला पोटाशी धरलं.

कार्यक्रम लागला तेव्हा नोबुए आणि गल्लीतल्या दोघी जमल्या होत्या. टेबलावर संत्र्यांचा ढीग. पडद्यावर सुमिएचा चेहरा आला आणि खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत तिचं एकेक वाक्य उमटू लागलं. काही उपयोगाची नाही. स्टुडिओतली मंडळी कोपऱ्यातल्या चौकटीत हसून लोळत होती. नोबुएने टेबलावर थाप मारली. "बैलासारखी! अगं सुमिए, तू तर नटी निघालीस!"

रोसिओ वाचत होती. तिला आता वाचता येत होतं. ती उठली, सुमिएकडे वळून वाकली आणि म्हणाली, "माफ करा, आई. केस मी उचलत जाईन."

"उचल बाई, उचल!" सुमिए लाडाने म्हणाली. शेजारणींना वाटलं, किती छान, अगदी मायलेकी.

कुणीतरी आवाज कमी केला आणि तेव्हा सगळ्यांना जाणवलं, वरून हसू आलंच नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला येत होतं. मधेच तुटलं होतं. शेजारणी उठून गेल्या. सुमिए संत्र्याची सालं गोळा करत होती, तेव्हा जिन्यावरून आवाज आला. घोगरा, न वापरलेला, पुरुषाचा.

"तिलासुद्धा?"

आणि दार लागलं.

सुमिए सालं टाकून धावली. "शोगो! काय म्हणालास, राजा? शोगो!" बंद दाराशी ती किती वेळ बसली होती देव जाणे. तिला शब्दाशी काही घेणंदेणंच नव्हतं. पोर बोललं होतं! दुसऱ्या दिवशी तिने लाल चवळी घालून सणाचा भात केला.

पुढच्या दिवसांत रोसिओ पहाटे उठू लागली. न्हाणी घासून काढी. भात अर्धा वाडगा घेई आणि दुसऱ्यांदा घे म्हटलं की "पोट भरलं" म्हणे. शाळेत उशीर होईना. छताकडे बघून बोलणं तिने कधी सोडलं, तेही सुमिएच्या ध्यानात आलं नाही. ती नोबुएला कौतुकाने सांगे, "बघ ना, सुधारली की नाही?" वर टीव्ही आता लागतच नव्हता. ताट मात्र रिकामं येत होतं, तेवढ्यावर ती दिवस काढी.

फेब्रुवारीत मिझुकोशी साहेब आले. चहा झाला. त्यांनी रोसिओला विचारलं.

"दुसरं घर चालेल," ती म्हणाली. शब्द अगदी नीट, टीव्हीवरच्या बातम्यांसारखे. "इथे माझा फार त्रास झाला. मला वाईट वाटतं."

सुमिएच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. त्रास? कुणाला? आणि मग, जिना उतरून कुणी यावं तसं, एकेक पायरी करत तिच्या ध्यानात येत गेलं. पिवळी अक्षरं. वाकलेली पोरगी. अर्धा वाडगा. आणि त्याच्याही पलीकडे, शोगोच्या शाळेचं फाटक. शहरातल्या सर्वांत मोठ्या शाळेत त्याचा नंबर लागला होता, गुरुजी भरभरून बोलत होते आणि ती वाकून, हसून म्हणत होती, "छे हो गुरुजी, चुकून लागला. घरात नुसता दगड आहे. कुणाच्या उपयोगाचा नाही." शेजारी पोर उभं होतं, हातात जोडे धरून. प्रत्येक वर्षी, प्रत्येक दारात, तिने त्याला असंच पोटाशी धरलं होतं.

तिलासुद्धा.

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की माझं बोलणं तसं नव्हे गं, तू माझी आहेस, या घराचं हसू आहेस. मिझुकोशी साहेब वाट बघत होते. सुमिएने तोंड उघडलं. पण समोर बाहेरचा माणूस होता आणि पोर तिचं होतं, आणि जीभ आपली जुनी वाट चालू लागली.

"मीच कमी पडले, साहेब. अडाणी बाई मी, घरही असलं. त्या घरी पोरीला वळण तरी लागेल."

रोसिओने मान खाली घातली. साहेबांनी वाकून आभार मानले. रविवारी ती गेली. जाताना तिने जिन्याकडे बघून हलकेच एकदा पाय आपटला. वरून काही आलं नाही.

वसंतात देवळात गाऊन प्रवचन सांगणारे म्हातारे महाराज आले. सुमिए आणि नोबुए पुढे जाऊन बसल्या. महाराजांचा आवाज थकला होता, पण चाल धरली की खांबसुद्धा ऐकतील असा. ते गात होते, "मूल आईला हाक मारतं म्हणता? अहो, आधी आई हाक मारते. ती हाक ऐकून ऐकून मुलाला तोंड फुटतं. देवाचं नाव तुम्ही घेत नाही, तोच तुमच्या तोंडून तुम्हाला बोलावतो." सगळं देऊळ डोळे पुसत होतं. सुमिएचे डोळे कोरडे होते. तिच्या मनात एवढंच आलं, की मी मारलेली हाक पोराने ऐकली, आणि त्या हाकेवरच विश्वास ठेवला.

बाहेर ओसरीवर चहा चालला होता. तिथे कायानो बाई भेटल्या, रोसिओच्या नव्या घरच्या. मागे रोसिओ, केस बांधलेले.

"आमची ही," कायानो बाई हसत वाकल्या, "कालच दोन बश्या फोडल्यान. हातात भोकं आहेत हिच्या! कसं व्हायचं हिचं!"

सुमिएने दचकून पोरीकडे बघितलं. रोसिओ हसत होती. कान लाल, मान तिरकी. घरच्या माणसासारखी. "आणि तिसरीला तडा गेलाय, ते सांगितलंच नाही मी," ती म्हणाली आणि कायानो बाईंनी तिच्या पाठीत हलका धपाटा घातला.

म्हणजे तिला आता कळलं होतं. कुणीतरी समजावलं असेल, नाहीतर आपसूक उमजलं असेल. रोसिओचं सुमिएकडे लक्ष गेलं. तिचं हसू थांबलं. क्षणभर तिला काही म्हणायचं होतं, असं वाटलं. मग ती नीट, कमरेतून वाकली.

"मागे आपण माझी फार काळजी घेतलीत, किताबा काकू."

आणि आता, आता ती दुसऱ्याची होती, म्हणून सुमिएच्या जिभेला कुणी अडवलं नाही. शब्द भराभरा आले.

"नाही हो, कायानो बाई! किती गुणी मुलगी आहे! किती हुशार! तुमच्या घराचं भाग्य."

"छे हो, कसलं काय," कायानो बाई सुखाने म्हणाल्या.

सुमिए घरी आली. कपाटात दोन वाडगे शेजारी शेजारी होते. तिने ताट वाढलं, वर नेलं आणि दाराशी बसली. "शोगो," ती म्हणाली. त्या शाळेत तू चुकून लागला नव्हतास, एवढं एकच वाक्य होतं. रस्ताभर ती ते घोकत आली होती. दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. तिचे ओठ हलले.

"गार होतंय. खाऊन घे," ती म्हणाली.

खाली येऊन तिने टीव्ही लावला. कसलासा विनोद झाला, स्टुडिओ हसला. सुमिएने मान वर करून एक श्वासभर वाट पाहिली. मग आणखी एक.